लाइफटाइम म्हणून विकलं, निघालं 180 दिवसांचं

बेळगावच्या उद्यमबागेत माझं छोटं वर्कशॉप आहे. ऑफिसच्या सर्व्हरसाठी कोल्हापूरच्या एका विक्रेत्याला 1,50,500 रुपये मोजले. त्यातले 38,500 'विंडोज सर्व्हर 2022 स्टँडर्ड, लाइफटाइम लायसन्स'चे, बिलावर तसं छापलंय. टाकली मात्र मायक्रोसॉफ्ट 180 दिवस फुकट देते ती एव्हॅल्युएशन, म्हणजे नुसती वापरून बघायची आवृत्ती!

स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाच्या वर, बारीक अक्षरांत 'एव्हॅल्युएशन' आणि उरलेले दिवस पहिल्यापासून दिसत होते. मी बोट ठेवून विक्रेत्याला विचारलंही. "मालक, ते वॉरंटीचे दिवस हो," म्हणाला. तिथंच, त्याच क्षणी उलगडा व्हायला हवा होता, आठवलं की अजून डोकं फिरतं. पण पक्कं बिल हातात, समोर इंजिनिअर; लेथवर आयुष्य काढलेल्या माणसानं आणखी काय तपासायचं? पुढं 'सर्व्हिसिंग' म्हणून 2,500 घेऊन गेला. तेव्हा त्यानं रिआर्म ही मुदत पुन्हा सुरू करणारी कमांड मारून आकडा परत 180 केला होता, हे दुसऱ्या जाणकारानं नंतर दाखवलं.

मग ऐन जीएसटीच्या वेळी मशीन तासातासाला बंद पडायला लागलं. त्याला फोन केला तर म्हणे, व्होल्टेजचा प्रॉब्लेम, यूपीएस बदला. 9,200 त्यात गेले. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोज स्वतः ठेवते त्या नोंदींत, सरळ लिहिलेलं होतं की मुदत संपली म्हणून बंद होतंय. हा लॉग आधी उघडून बघा, मग यूपीएस घ्या. खरी लायसन्स-की आणली तर एव्हॅल्युएशन पक्की करता येते, पण सर्व्हर डोमेन कंट्रोलर (ऑफिसातल्या सगळ्यांचं लॉगिन सांभाळणारा) असेल तर तसं होत नाही. आमचा नेमका होता! सगळं नव्यानं.

पोलिसांचं तर विचारूच नका. इथं म्हणाले, माणूस महाराष्ट्रातला, तिकडं जा. अर्जही कन्नडमध्ये हवा. तिकडं म्हणाले, माल बेळगावात लागला, तक्रार तिथंच. 1956 पासून सीमेचा घोळ आम्ही सोसतोयच, आता चोर धरायलाही तोच आडवा? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 सांगतं की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, माहिती नोंदवून घ्यायची. तोंडी नाही म्हणतात, लेखी कुणी देत नाही. लेखीच मागा.

पैसे देण्याआधी कमांड प्रॉम्प्टवर 'एसएलएमजीआर /डीएलव्ही' (slmgr /dlv) मारायला लावा, लायसन्स कुठलं ते दिसतं. 'एव्हल' (Eval) दिसलं तर एक रुपया देऊ नका. मी ग्राहक आयोगात जातोय. आपण राहतो तिथंच दावा लावता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.