फेनिलअॅलॅनिन (एक अमिनो आम्ल) वेगळं करायचंय: साधं आयन एक्स्चेंज रेझिन (भारित कण धरून ठेवणारे मणी) की एक्स्ट्रॅक्टंट (हवा तो पदार्थ ओढून घेणारं रसायन) मुरवलेलं?

नवी मुंबईतल्या महापे-रबाळेच्या लॅबमधल्या मुलांचा हा नेहमीचा प्रश्न, म्हणून इथेच लिहितो.

साधं सल्फोनिक रेझिन म्हणजे भरवशाचा गडी. आम्ल पीएचला अमिनो आम्लावर धन भार येतो, ते चिकटतं, मग अमोनियाने सोडवायचं. रेझिन वर्षानुवर्षं टिकतं. पण सोडियम, अमोनियम, बाकीची अमिनो आम्लं, सगळ्यांनाच धरतं, त्यामुळे ब्रॉथ (आंबवणीचा द्रव) खारट असला की जागा भरून जाते आणि खरी निवड नंतर सोडवताना पीएच सांभाळून करावी लागते.

मुरवलेल्या प्रकारात अँबरलाइट एक्सएडी-४ सारखे सच्छिद्र मणी घ्यायचे, डी२ईएचपीए (फॉस्फरस असलेला आम्लधर्मी एक्स्ट्रॅक्टंट) अल्कोहोलमध्ये विरघळवून त्यात भिजवायचे, अल्कोहोल उडवायचं, एक्स्ट्रॅक्टंट छिद्रांत बसतो. हा पाण्याला नाक मुरडणारी अमिनो आम्लं आधी उचलतो, म्हणजे फेनिलअॅलॅनिन छान येतं, ग्लायसिन मागे राहतं, आणि सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शनसारखा (द्रावकाने काढण्यासारखा) इमल्शनचा, म्हणजे तेल-पाणी घुसळून एकजीव होण्याचा, वैताग नाही. सोडवायला हायड्रोक्लोरिक आम्ल चालतं.

फक्त एक गोष्ट, एक्स्ट्रॅक्टंट हळूहळू धुऊन जातो! पीएच वाढला की त्याचं सोडियम मीठ पाण्यात उतरतं, म्हणून कॉलम (मणी भरलेली नळी) कॉस्टिक सोड्याने धुवायचा मोह टाळा प्लीज. कॉलममधून बाहेर येणाऱ्या पाण्यात फॉस्फरस तपासत राहा, औषधासाठी माल असेल तर हे करायलाच हवं.

माझं मत विचाराल तर ग्लायसिनसारखं पाणीप्रेमी काही असेल किंवा रोजचं मोठं उत्पादन असेल तर साधंच घ्या, फेनिलअॅलॅनिन, ट्रिप्टोफॅन मिश्रणातून निवडून काढायचं असेल तर मुरवलेलं नक्की करून बघा.