तापणारी ॲम्बॅसेडर: पितळी रेडिएटरची कोअर बदलावी की ॲल्युमिनियमचा बसवावा?

जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे गेला की जुन्या ॲम्बॅसेडरचा काटाही चढायला लागतो. मग मिस्तरी दोन वाटा सांगतात. आहे तो तांब्या-पितळेचा रेडिएटर खोलून नवी कोअर (दोन टाक्यांमधली पाइप आणि पातळ पत्र्यांची जाळी) टाका, नाहीतर तो काढून ॲल्युमिनियमचा बसवा. मी एकाच गाडीवर दोन्ही वापरलेत. गाडी १४८९ सीसीच्या जुन्या पेट्रोल इंजिनाची, इसुझूचं इंजिन येण्याआधीची. डिझेल किंवा इसुझूवाल्यांना यातलं बरंच लागू पडेल, सगळं नाही.

पैसे घालण्याआधी दोष रेडिएटरचाच आहे ना, एवढं बघून घ्या. गाडी रेल्वे फाटकावर किंवा बाजारात उभी असताना तापते आणि पळायला लागली की काटा खाली येतो, तर वारा कमी पडतोय. पट्टा सैल असेल, नाहीतर जाळी भरली असेल. आपल्याकडे जाळी भरते ती कापसाने. दिवाळीनंतर एरंडोल-धरणगावकडे कापसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी चालवली की रुईचे तंतू जाळीत घुसतात, त्यावर धूळ बसते आणि आत घट्ट थर होतो. इंजिनाच्या बाजूने टॉर्च धरा आणि पुढून बघा. उजेड आरपार आला नाही तर आधी पाणी मारा, तेही आतून बाहेर. सर्व्हिसिंगवाल्याला प्रेशर कमी ठेवायला सांगा, नाहीतर पत्र्या आडव्या होतात.

उलट, हायवेला सरळ चालताना काटा हळूहळू चढत गेला तर बहुतेक पाणी फिरत नाहीये. इंजिन बंद करा आणि पंख्याच्या बाजूने कोअरवर हात फिरवा. मध्येच गार पट्टा लागला तर तिथले पाइप बंद आहेत. खालचा होस पाइप जुना असेल तर रेस दिल्यावर आत ओढला जाऊन चपटा होतो, तोही बघा. ठिणगीचं टायमिंग मागे असेल तरी इंजिन तापतं. आणि गार इंजिन झाकण काढून सुरू केल्यावर पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले तर हेड गॅस्केटकडे, म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांमधल्या पॅकिंगकडे, वळा. तिथे कुठलाच रेडिएटर कामाचा नाही.

थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवून ठेवणारी झडप) काढून टाकण्याचा सल्ला मात्र कृपया ऐकू नका. या इंजिनाच्या घराण्यात ७४, ८२ आणि ८८ अंशांचे थर्मोस्टॅट येत. आपल्या हवेला ७४ चा घाला हवं तर, पण घाला. तो काढला की खरं दुखणं झाकलं जातं आणि जानेवारीच्या थंडीत इंजिन गरमच होत नाही.

आता मूळ प्रश्न. निव्वळ थंड करण्याचं बघितलं तर ॲल्युमिनियम मागे नाही. उष्णता तांबं जास्त वाहून नेतं हे खरं. पण ॲल्युमिनियमचे पाइप रुंद करता येतात आणि पत्र्या थेट त्यांना जोडलेल्या असतात, मध्ये डाख (सोल्डर) नसतो. मेच्या दुपारी चाळीसगावहून कन्नड घाट चढताना, गाडी भरलेली असताना, ॲल्युमिनियमवर काटा थोडा खाली राहायचा असं मला वाटलं. डॅशबोर्डवरच्या जुन्या काट्यावर किती विश्वास ठेवायचा हे ज्याचं त्यानं ठरवावं. सपाट रस्त्याला, धुळे ते जळगाव, मला फरक जाणवला नाही. वजनात ॲल्युमिनियम अर्थातच हलका.

बसवायला मात्र तो सोपा नाही. ॲम्बॅसेडरसाठी म्हणून तयार मिळणं कठीण, म्हणून दुसऱ्या गाडीचा घेऊन ब्रॅकेट बदलतात, होस कापून जुळवतात. पंख्याचं अंतर जमत नाही म्हणून बरेचदा इलेक्ट्रिक पंखाही लावला जातो. अल्टरनेटर (डायनामोच्या जागी आलेलं बॅटरी चार्ज करणारं जनित्र) असेल तर तोही चालेल. डायनामोवाल्या जुन्या गाडीत इंजिन आयडलला असताना चार्जिंग जवळजवळ नसतंच, म्हणजे पंखा सगळा बॅटरीवर. रात्री फाटकावर हेडलाइट लावून उभे राहिलात की दिवे पिवळे पडतात. खर्च कुणाचा कमी हे तुमचा मिस्तरी आणि तांब्याचा भाव यांवर आहे. माझ्या बाबतीत शेवटी फार अंतर पडलं नाही.

माझा कौल ठरला तो गळतीवर.

ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला वरच्या टाकीजवळ केसाएवढी चीर गेली. थेंब थेंब पाणी, तेही इंजिन गरम होऊन दाब आल्यावरच. पारोळ्यात दाखवलं, मग अमळनेरला. रेडिएटरवाल्याने जोडावरून अंगठा फिरवला, चिरेवर थांबला आणि म्हणाला, "हाई काम आठे व्हत नही, भाऊ." त्याचं बरोबर होतं. एवढ्या पातळ ॲल्युमिनियमला आरगॉनचं वेल्डिंग आणि त्यात बसलेला हात लागतो, आणि उष्णता जराशी जास्त झाली तर शेजारचा पाइप वितळतो. दुसऱ्याने दोन नळ्यांचा चिकट मसाला कालवून लावून दिला. तो उभ्या गाडीवर टिकला, चालत्या गाडीवर दाब चढताच सुटला. प्लॅस्टिकच्या टाकीचा रेडिएटर असेल तर तेवढाही उपाय उरत नाही, अख्खा बदला असंच सांगतात. गाडी शेडमध्ये उभी आणि मी नाशिकला कोण करतं याच्या चौकशीत, असा तो उन्हाळा गेला. पुढे तो रेडिएटर काढून जुन्या पितळी टाक्यांवर नवी कोअर चढवून घेतली.

पितळी रेडिएटरही गळतो, त्याबद्दल गैरसमज नको. पण तो तालुक्याच्या गावात दुरुस्त होतो. दोन्ही तोंडं बंद करून हौदात बुडवतात, हवा भरतात, बुडबुडा निघाला तिथे खडूने खूण करतात. जागा तेजाबाने साफ केली, ज्योत दाखवली, कथलाची कांडी टेकवली की डाख आपोआप फटीत शिरताना दिसतो. मधला एखादा पाइपच फुटला असेल तर त्याची दोन्ही टोकं झाळून बंद करतात आणि उरलेल्यांवर गाडी चालते. थोडं कमी थंड करेल, पण संध्याकाळी घरी पोचाल.

दुसरी गोष्ट पाण्याची. रस्त्यात पाणी कमी झालं तर ढाब्यावर मिळणार बोअरचंच. त्यातल्या क्षारांनी पातेल्याला पांढरा थर धरतो, तसाच तो रेडिएटरच्या पाइपांतही धरतो, धातू कुठलाही असो. फरक असा की कूलंट नसलेलं असं पाणी ॲल्युमिनियमला आतून खातं आणि बारीक भोकं पाडतं. तांबं-पितळ ते बरंच सहन करतं. पाइप बुजले तरी टाक्या उघडून रॉडिंग करता येतं, म्हणजे सळई घालून पाइप मोकळे करता येतात.

गाडीला अल्टरनेटर असेल, डिमिनरलाइज्ड (क्षार काढलेलं) पाणी आणि कूलंट तुम्ही न चुकता डिकीत ठेवत असाल, पुणे-नाशिककडे जास्त फिरत असाल आणि मूळ रेडिएटर आधीच भंगारात गेला असेल, तर ॲल्युमिनियमला नाही म्हणायचं कारण मला दिसत नाही. शिरपूर, चोपडा, रावेर अशा पट्ट्यात गाडी वापरणाऱ्याने मात्र, मला विचाराल तर, मूळ पितळी टाक्या सोडू नयेत. त्या जाड पत्र्याच्या असतात आणि नव्या कोअरवर पुन्हा चढतात.

कोअर टाकताना दोन-तीन गोष्टी स्वतः उभं राहून करून घ्या. कोअर तांब्याचीच हवी हे आधी बोलून ठेवा. मूळच्यापेक्षा पाइपांची एक ओळ जास्त घ्यायची असेल तर पंखा घासणार नाही ना, ते मोजून बघा. झाकण नवं घ्या पण मूळ दाबाचंच. जास्त दाबाच्या झाकणाने पाणी उशिरा उकळतं खरं, पण जुने होस आणि डाखाचे जोड आधी सुटतात.

आणि नवा रेडिएटर चढवण्याआधी इंजिन ब्लॉकचा ड्रेन नळ उघडा. नळ काढूनही पाणी येत नसेल तर आत गाळ बसलाय. जाड तार घालून खरवडली की आधी काहीच येत नाही, मग तांबडा चिखल गोळ्यागोळ्यांनी पडतो आणि मागून पाण्याची धार सुटते. धार स्वच्छ होईपर्यंत वरून नळी लावून ठेवा. हा गाळ आत राहिला तर तोच नव्या कोअरच्या पाइपांत जाऊन बसतो.