जुना हँडहेल्ड साहसी गेम पुन्हा खेळायचा झाल्यास कोणता निवडावा : लिंक्स अवेकनिंग, ऑरॅकलची जोडी, फँटम अवरग्लास की प्रोफेसर लेटन?

हातात धरून खेळायच्या जुन्या साहसी गेमपैकी एखादा पुन्हा काढावा असे ज्यांच्या मनात आहे, त्यांनी गेमची कीर्ती पाहण्याआधी दोन गोष्टींचा विचार करावा. तो गेम आपल्याला कोणत्या प्रकारे अडकवतो, ही पहिली. आणि मागच्या वेळची आठवण तिथे उपयोगी पडते की मजा घालवते, ही दुसरी. आमच्या सोलापुरात ज्यांचे बालपण गड्ड्याच्या यात्रेतून आणलेल्या ब्रिक गेमवर गेले, त्यांच्यापैकी अनेकांची या गेमशी ओळख पुढे केव्हातरी, परदेशातल्या नातेवाइकाने आणलेल्या किंवा मित्राकडून उसन्या घेतलेल्या यंत्रावर झाली आणि यंत्र परत करायची वेळ आल्यामुळे ती अर्धवटच राहिली. अशा वाचकाच्या दृष्टीने ‘पुन्हा खेळणे’ म्हणजे बहुधा निम्म्यावर सुटलेला गेम पहिल्यांदा तडीस नेणे असते, हे गृहीत धरूनच पुढची तुलना केली आहे.

‘लिंक्स अवेकनिंग’ हा निन्टेन्डो कंपनीच्या झेल्डा मालिकेतील गेम १९९३ साली तिच्याच गेम बॉय या हातात धरायच्या यंत्रावर आला, १९९८ मध्ये त्याची रंगीत ‘डीएक्स’ आवृत्ती निघाली आणि २०१९ मध्ये कंपनीच्या स्विच या नव्या यंत्रासाठी तो नव्याने घडवला गेला. इथे अडकण्याचे मुख्य कारण म्हणजे आता कुठे जायचे तेच न कळणे. गेम जिथे घडतो ते कोहोलिंट बेट लहान असले तरी योशीच्या बाहुलीपासून सुरू होणारी वस्तूंच्या अदलाबदलीची साखळी लांबलचक आहे, आणि मध्ये आठ-पंधरा दिवसांचा खंड पडला की केळी कोणाला दिली आणि काठी कोणाकडून घेतली हे आठवेनासे होते. गेमनेच त्यावर एक उपाय ठेवला आहे : ठिकठिकाणच्या टेलिफोनच्या खोपट्यांतून उलरिरा आजोबांना फोन लावला की ते पुढची दिशा सुचवतात. हे आजोबा समोर भेटले तर लाजून गप्प बसतात आणि फोनवर मात्र भरभरून बोलतात, हा खट्याळपणा मला आजही आवडतो.

याच गेममध्ये अन्यायकारक वाटावे असेही एक कोडे आहे. दुसऱ्या डंजनमध्ये (डंजन म्हणजे शत्रू आणि कोड्यांनी भरलेला बंदिस्त टप्पा) तीन प्रकारच्या शत्रूंना ठराविक क्रमाने मारावे लागते, आणि त्याबद्दलची सूचना देणारी घुबडाची मूर्ती त्या शत्रूंचा उल्लेख त्यांच्या नावाने करते. सशासारख्या दिसणाऱ्या त्या प्राण्याचे नाव ‘पोल्स व्हॉइस’ आहे हे नवख्या खेळाडूने ओळखायचे तरी कसे? पहिल्या खेपेला इथे हात टेकणे स्वाभाविक आहे. दुसऱ्या खेपेला हे कोडे क्षणात सुटते आणि त्यात गमावण्यासारखे काही नसते. सातव्या डंजनचे म्हणजे ईगल्स टॉवरचे तसे नाही. तिथे एक जड लोखंडी गोळा उचलून चार खांब फोडायचे असतात, म्हणजे वरचा मजला खाली येतो. काय करायचे हे वर्षानुवर्षे लक्षात राहते, पण गोळा कोणत्या वाटेने न्यायचा, कुठे आधी टाकायचा आणि आपण पलीकडून फिरून तिथे कसे पोहोचायचे, हे दर वेळी नव्याने जुळवावे लागते. पुन्हा खेळण्यासाठी कोडे असेच असावे, असे माझे मत आहे : उत्तराचे सूत्र आठवते, तपशील आठवत नाही.

या कसोटीवर सर्वांत वरचढ ठरते ती ‘ऑरॅकल ऑफ सीझन्स’ आणि ‘ऑरॅकल ऑफ एजेस’ ही गेम बॉय कलरवरची जोडी. निन्टेन्डोसाठी कॅपकॉमने घडवलेले हे दोन्ही गेम २००१ साली एकाच वेळी बाजारात आले. दोन्हींत आठ-आठ डंजने आहेत, परंतु स्वभाव वेगळे आहेत. ‘सीझन्स’ लढाईकडे झुकतो. त्यात झाडाच्या बुंध्यावर उभे राहून दंड फिरवला की ऋतू पालटतो : हिवाळ्यात तळे गोठून त्यावरून चालता येते, उन्हाळ्यात कड्यावर वेली वाढून चढायला वाट होते, वसंतात उमलणारे फूल खेळाडूला वर उडवते. अडथळा आणि त्याचा उपाय बहुधा एकाच पडद्यावर किंवा शेजारच्या पडद्यावर असल्यामुळे इथे फार काळ अडकून पडायला होत नाही. ‘एजेस’मध्ये मात्र वीणेच्या सुरावर भूतकाळ आणि वर्तमान यांच्यात ये-जा करावी लागते, एका काळात केलेल्या बदलाचा परिणाम दुसऱ्या काळात शोधावा लागतो, आणि सहावे डंजन तर दोन्ही काळांत पसरलेले आहे. सातव्या, जाबू-जाबू या प्रचंड माशाच्या पोटातल्या डंजनमध्ये पाण्याची पातळी चढवत-उतरवत मजल्यामजल्यांवरून वाट काढायची असते. नकाशावर समोर दिसणारी खोली गाठण्यासाठी आधी पाणी कुठवर हवे आणि त्यासाठी कोणत्या मजल्यावर परत जावे लागेल, हा हिशेब डोक्यात धरूनच चालावे लागते. बोटांचे कसब इथे कामाला येत नाही. वही जवळ ठेवणाऱ्याला ‘एजेस’ पुरून उरतो. दिवसाकाठी पंधरा मिनिटेच मिळणाऱ्याला तो छळतो, कारण दर वेळी तो हिशेब पहिल्यापासून मांडावा लागतो.

जोडी घ्यायची झाल्यास क्रमही महत्त्वाचा आहे. एक गेम संपवल्यावर मिळणारा सांकेतिक मजकूर दुसऱ्या गेमच्या सुरुवातीला भरला की दोन्ही कथा जोडल्या जातात, आणि खरा अंतिम सामना या जोडलेल्या दुसऱ्या गेममध्येच खेळायला मिळतो. आधी ‘सीझन्स’ आणि मग ‘एजेस’ असा क्रम मी सुचवीन, म्हणजे हात बसल्यावर डोक्याचे काम समोर येते. सांकेतिक मजकूर मात्र कागदावर उतरवून ठेवावा. खेळताना पात्रांकडून मिळणारे असे अनेक संकेत दोन गेममध्ये इकडून तिकडे न्यायचे असतात.

‘फँटम अवरग्लास’ २००७ चा, निन्टेन्डो डीएस या दोन पडद्यांच्या, वहीसारख्या मिटणाऱ्या यंत्रावरचा. त्यातील सर्वांत गाजलेले कोडे वरच्या पडद्यावरील चिन्ह खालच्या सागरी नकाशावर उमटवण्याचे आहे. खेळाडू पडद्यावर स्टायलस (यंत्रासोबतची लेखणी) घासतो, सगळी बटणे दाबून पाहतो, नकाशा उलटसुलट करतो, आणि उत्तर एवढेच असते की डीएसचे झाकण मिटायचे आणि पुन्हा उघडायचे. चिडून यंत्र बंद करून ठेवणाऱ्याला कोडे आपोआप सुटल्याचे आढळते! हा अनुभव विलक्षण आहे, पण तो एकदाच येतो. पुन्हा खेळताना हे कोडे कोडे राहत नाही, आणि त्याऐवजी एकाच मंदिरात वारंवार परत जाण्याचा जाच तेवढा जाणवतो. शिवाय झाकण मिटणे, मायक्रोफोनमध्ये फुंकर मारणे अशा गोष्टी खऱ्या डीएसशिवाय बेचव होतात. ज्यांनी हा गेम पूर्वी पूर्ण केला आहे त्यांनी तो सोडून द्यावा, ज्यांचा राहिला आहे त्यांनी जरूर घ्यावा.

‘प्रोफेसर लेटन अँड द क्युरिअस व्हिलेज’ हाही जपानमध्ये २००७ सालीच आला, आणि त्यात अडकण्याला कुंपण घातलेले आहे. प्रत्येक कोडे सुटे असते, गावात इकडेतिकडे टिचक्या मारून मिळवलेली नाणी खर्च केली की सूचना मिळते, आणि नडलेले कोडे बाजूला ठेवून बहुतेक वेळा पुढे जाता येते. लांडगे आणि कोंबडीची पिले होडीतून नदीपार नेण्याचे कोडे पाहिल्यावर वाघ, शेळी आणि गवताच्या भाऱ्याचे आपले जुने कोडे आठवल्यावाचून राहत नाही. हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाता-येता खेळायला याहून सोयीचा गेम नाही, कारण तो फोनवर अधिकृतपणे मिळतो आणि दोन स्थानकांच्या मध्ये एक कोडे सहज संपते. पुन्हा खेळणाऱ्यासाठी मात्र तो सर्वांत कमकुवत आहे. आठ वजनांपैकी एक हलके वजन तराजूवर दोनदाच तोलून शोधायची युक्ती एकदा कळली की ती जन्मात विसरली जात नाही. स्वतः न सांगता शेजारी बसून भाच्याला किंवा मुलीला खेळू देणे, हाच त्याचा दुसऱ्या खेपेचा खरा उपयोग. फक्त त्यातील अनेक कोडी इंग्रजी वाक्यरचनेच्या चलाखीवर बेतलेली असल्याने मराठी माध्यमातल्या मुलाला तेवढी मदत करावी लागते.

डीएसवरच्याच २०१० च्या ‘घोस्ट ट्रिक’चेही नाव घ्यायला हवे : त्यात एखाद्याच्या मृत्यूपूर्वीची चार मिनिटे पुन्हा पुन्हा खेळायची असल्याने चुकण्याची धास्ती नाही, आणि शेवट ठाऊक असताना कथा अधिकच रंगते.

यंत्राचा प्रश्न पैशांचा असल्याने तो नीट पाहावा. गेम बॉय आणि गेम बॉय कलरच्या कॅसेट गेम बॉय ॲडव्हान्स एसपीवर चालतात, आणि त्याच्या पडद्याला दिवा असल्यामुळे संध्याकाळी वीज गेली तरी खेळता येते. मूळ गेम बॉय दिवसाउजेडी अंगणातच वाचता येतो. डीएसवर या जुन्या कॅसेट बसत नाहीत, ही गोष्ट विकणारे हमखास सांगत नाहीत. स्विचच्या सशुल्क ऑनलाइन सेवेत ‘डीएक्स’ आणि ऑरॅकलची जोडी २०२३ पासून आहे. पण स्विच आपल्याकडे आयात करणाऱ्यांकडूनच येतो, त्यामुळे नवी पेठेतून घ्या की ऑनलाइन मागवा, वॉरंटी कोण देणार हे आधी लेखी विचारावे. त्या सेवेत खेळ मागे फिरवण्याची सोय आहे. तिचा फायदा चुकलेल्या उडीला होतो, ‘एजेस’च्या पाण्याच्या हिशेबाला नाही. स्विचवरील नव्या ‘लिंक्स अवेकनिंग’मध्ये मिळालेल्या सूचना नकाशावर नोंदलेल्या राहतात, आणि खंड पाडत खेळणाऱ्याला दिशा हरवण्याच्या त्रासावर तेवढे औषध पुरते.

जुनी कॅसेट घेणाऱ्याने आतल्या बॅटरीची चौकशी करावी. ‘लिंक्स अवेकनिंग’ आणि ऑरॅकलच्या कॅसेटमध्ये सेव्ह टिकवण्यासाठी नाण्याएवढी बॅटरी डाखलेली असते. वीस-पंचवीस वर्षांनंतर ती संपलेली असण्याची शक्यता मोठी, आणि ती बदलताना जुना सेव्ह जातो. विक्रेत्यासमोर गेम सुरू करून सेव्ह करावा, यंत्र बंद करून काही वेळाने पुन्हा लावून पाहावे आणि मगच पैसे द्यावेत. डीएसच्या कॅसेटला ही अडचण नाही, कारण तिच्यातील सेव्ह बॅटरीवर अवलंबून नसतो.