बेकिंगची तीन पुस्तकं : आठ महिने वापरल्यानंतर

आठ महिन्यांपूर्वी घरच्या बेकिंगची तीन पुस्तकं एकदमच घेतली. एक जाडजूड, पानोपानी फोटो असलेलं, निव्वळ केकचं. दुसरं बारकं, फोटो मोजकेच, त्यात केक, बिस्किटं, ब्रेड असं सगळं थोडंथोडं. तिसरं साखर आणि चॉकलेटचं : टॉफी, कॅरमेल, फज, मार्शमेलो. तेव्हापासून आठवड्यातून एकदा तरी ओव्हन लागतोच. चाळीसेक पाककृती करून झाल्या, त्यातल्या काही चार-पाच वेळा. तेवढ्या अनुभवावर हे लिहितेय.

पहिले दोन महिने मी जाड पुस्तकाच्या प्रेमात होते. फोटो बघूनच करावंसं वाटायचं. पण त्यातला व्हॅनिला स्पंज एकदा हलका व्हायचा, पुढच्या खेपेला कोरडा ठणठणीत. पाककृती तीच, ओव्हन तोच, हात माझाच. कारण हाती लागलं ते वजनकाटा आणल्यावर. पुस्तकातली सगळी मापं कपात. मी कधी मैदा चमच्याने अलगद कपात भरायचे, तर कधी घाईत कपच डब्यात खुपसायचे. दोन्ही कप काट्यावर ओतून पाहिले. पहिल्यात 122 ग्रॅम, दुसऱ्यात 151. अडीच कप मैद्याच्या केकमध्ये हा फरक सत्तर ग्रॅमच्या वर जातो, मग केक कोरडा होणारच. शिवाय कप म्हणजे नक्की कुठला? अमेरिकन कप साधारण 237 मिलीचा, मेट्रिक कप 250 मिलीचा. मोठा चमचा ऑस्ट्रेलियात 20 मिलीचा, बहुतेक ठिकाणी 15 मिलीचा. एवढ्या जाड पुस्तकात याबद्दल एक ओळ नाही, याचा मला खरंच राग आला.

बारक्या पुस्तकात सगळं ग्रॅममध्ये आहे, अंडंसुद्धा ‘कवचाशिवाय 50 ग्रॅम’ असं. पण मी त्याला धरून राहिले ते वेगळ्याच कारणासाठी. प्रत्येक पायरीला काय दिसायला हवं आणि तसं का, हे ते सांगतं. लोणी-साखर फेटण्याचंच घ्या. ‘मऊ लोणी’ असं सगळेच लिहितात. या पुस्तकात लिहिलंय : बोट दाबलं की खळगा पडावा, पण बोट आत घसरू नये, आणि लोण्यावर तेलकट चकाकी दिसू नये, म्हणजे साधारण 18 ते 20 अंश. मी आजवर लोणी जवळजवळ वितळायला आलं की मग घ्यायचे. इतक्या मऊ लोण्यात हवा धरून राहत नाही. साखरेचे कण लोण्यात बारीक बुडबुडे पाडतात आणि बेकिंग पावडरचा वायू त्याच बुडबुड्यांना फुगवतो. फेटताना हवा शिरली नाही, तर नंतर कितीही पावडर घाला, केक हलका होत नाही. हे वाचलं त्याच दिवशी गारसर लोणी घेऊन पाच मिनिटं फेटलं. पिवळा रंग उतरत उतरत सायीसारखा झाला, मिश्रण भांड्याच्या कडेला चिकटून वर चढलं, बीटरचा जड आवाज मोकळा झाला. त्या दिवशीच्या केकचा काप मी उजेडात धरून बघितला. सगळीकडे एकसारखी बारीक जाळी होती.

कोकोचाही धडा इथेच मिळाला. जाड पुस्तकातल्या चॉकलेट केकमध्ये नुसतं ‘कोको पावडर’ लिहिलंय आणि फुलवायला फक्त खायचा सोडा. माझ्याकडे डच कोको होता. केक बसका झाला आणि चवीला साबणासारखा लागला. साधा कोको आंबट असतो, सोड्याला फसफसायला तो आंबटपणा लागतो. डच कोकोवर अल्कलीची प्रक्रिया झालेली असते, त्यामुळे आंबटपणा मारला जातो. त्यात सोडा वापरायचा, तर ताक किंवा दही असं काहीतरी आंबट सोबत हवं, नाहीतर बेकिंग पावडर घ्यावी. बारक्या पुस्तकाने हे अर्ध्या पानात समजावलंय.

त्यातही उणिवा आहेत. बिनअंड्याच्या केकसाठी ‘प्रत्येक अंड्याऐवजी 60 ग्रॅम दही’ असं सरसकट सांगून मोकळं झालंय. लोण्याच्या घट्ट केकला ते चालतं. ज्या स्पंजचा सगळा फुलोरा फेटलेल्या अंड्यांच्या हवेवर असतो, तिथे मात्र दही कामाचं नाही; मी दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा गच्च वडी झाली.

तिसऱ्या पुस्तकाकडे मी घाबरतच वळले. आपण पाक बोटांनी बघतो, एकतारी, दोनतारी, गोळीबंद. या पुस्तकात प्रत्येक टप्प्याला तापमान दिलंय : मऊ गोळीला 112 ते 116 अंश, काचेसारख्या कडक टॉफीला 149 ते 154. सोबत गार पाण्यात थेंब टाकून बघायची खूणही आहे. सगळ्यात उपयोगी पडलं ते थर्मामीटरबद्दलचं पान. आधी तो उकळत्या पाण्यात धरायचा. माझा 100 ऐवजी 97 दाखवत होता, म्हणजे पुस्तकातल्या प्रत्येक आकड्यातून 3 वजा करायचे. उंचावर राहणाऱ्यांनाही हीच युक्ती लागू पडते, कारण साधारण दर 300 मीटरला पाणी एक अंश आधी उकळतं आणि पाकाचे टप्पेही तेवढेच खाली येतात. हे कळण्याआधी माझा फज तीनदा दगड झाला होता. त्यानंतर एकदाही नाही.

याच पुस्तकात मार्शमेलोला जिलेटिनची ‘पानं’ मोजून दिली आहेत, पावडर वापरणाऱ्याला वजनाचा पत्ता नाही. चॉकलेट टेम्परिंगचे, म्हणजे चॉकलेट चकचकीत जमावं म्हणून ते ठरावीक तापमानांतून नेण्याचे, आकडे फक्त डार्कचे आहेत : 45 ते 50 पर्यंत वितळवा, 27-28 पर्यंत उतरवा, पुन्हा 31-32 वर आणा. मिल्क चॉकलेटला शेवटचा आकडा एक-दोन अंशांनी कमी लागतो, ते मला चॉकलेटवर पांढुरके पट्टे उमटल्यावर कळलं.

केकच्या टिनचं माप केकच्या दोन्ही पुस्तकांत आहे, पण जाड पुस्तकात ते शेवटच्या परिशिष्टात दडलंय. 15 सेंटिमीटरऐवजी 20 चं गोल भांडं घेतलं की तळ जवळजवळ पावणेदोन पट होतो. इतकी महत्त्वाची गोष्ट पाककृतीच्या डोक्यावरच हवी होती. बांधणीही अशी, की ओट्यावर पुस्तक उघडं राहत नाही, पिठाच्या हाताने पान धरून ठेवावं लागतं.

नव्याने शिकणाऱ्याने बारकं पुस्तक आणि वजनकाटा एकाच दिवशी घ्यावा. मिठायांचं पुस्तक थर्मामीटर असेल तरच. जाड पुस्तक मी काढून टाकलेलं नाही, त्यातले स्वादांचे मेळ खरोखर सुंदर आहेत. संत्रं आणि बदामाच्या केकसारखा केक मी दुसरीकडे खाल्लेला नाही. त्यातल्या एकोणीस पाककृतींसमोर मी करून करून पेन्सिलीने ग्रॅम लिहिले आहेत. उरलेल्यांचं वजन करायचं काम चालू आहे, सध्या लिंबाच्या केकवर आहे.