‘म्हणाला’, ‘खेकसला’ की काहीच नाही?

कथेत संवाद लिहिताना जवळपास प्रत्येक ओळीपाशी एक प्रश्न येतो: हे कोण बोललं ते सांगायचं का, आणि सांगायचं तर कसं? ‘तो म्हणाला’, ‘ती पुटपुटली’ अशा तुकड्यांना हल्ली सर्रास डायलॉग टॅग म्हणतात. पर्याय मुख्यतः चार आहेत. एकच प्रसंग चारही तऱ्हांनी लिहून पाहू. मोहन आणि इंदू हे भाऊ-बहीण. इंदूच्या नावाने आलेलं पत्र कुणीतरी आधीच उघडलंय.

साधी तऱ्हा:

“पत्र कुणी उघडलं?” इंदूनं विचारलं.
“मी नाही,” मोहन म्हणाला.

ठसकेबाज क्रियापदांची तऱ्हा:

“पत्र कुणी उघडलं?” इंदू कडाडली.
“मी नाही,” मोहन चाचरला.

कृतीची तऱ्हा:

इंदूनं पाकीट उजेडात धरलं. “पत्र कुणी उघडलं?”
“मी नाही.” मोहननं बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली.

आणि नुसते संवाद:

“पत्र कुणी उघडलं?”
“मी नाही.”
“दादा, माझ्याकडे बघ.”
“मी नाही उघडलं, इंदू.”

या प्रसंगाचा सगळा जीव एका शंकेत आहे: मोहन खोटं बोलतोय का? दुसऱ्या तऱ्हेत ‘चाचरला’ या एका शब्दाने ती शंका संपते. वाचकाला उत्तर मिळालं, आता पुढे वाचायचं कशासाठी? पहिली तऱ्हा काहीच फोडत नाही. तिसरी संशयाला जागा देते, पण नाडी का सोडली हे वाचकावरच सोडते. चौथीत ‘माझ्याकडे बघ’ हे बाकीच्या छोट्या वाक्यांत असं उठून दिसतं की मोहनची नजर कुठे आहे ते वेगळं सांगावं लागत नाही. याच प्रसंगासाठी निवडायचं तर मी चौथी तऱ्हा घेईन, आणि प्रसंग लांबला तर मध्येच तिसरीतली एखादी कृती.

अमेरिकी कादंबरीकार एल्मोर लेनर्ड यांनी २००१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेखनाचे १० नियम मांडले होते. संवादाला ‘सेड’ (म्हणजे ‘म्हणाला’) याखेरीज दुसरं क्रियापद लावू नका, हा त्यातला एक. पुढचा नियम त्या ‘सेड’ला क्रियाविशेषणही जोडू नका असं सांगतो. यातला मुख्य मुद्दा मला पटतो: ‘म्हणाला’ वाचताना डोळा त्यावर अडखळत नाही, ‘गरजला’ वाचताना अडखळतो. मराठीत ‘विचारलं’ आणि ‘सांगितलं’ हेही तितकेच मुके शब्द आहेत, ते बिनधास्त वापरावेत. ‘उद्गारला’, ‘उत्तरला’, ‘वदली’ मात्र आजच्या काळातल्या कथेत पुस्तकी वाटतात. पात्रं घरगुती बोलत असतील तर हे शब्द त्यांच्या शेजारी फारच अवघडून बसतात.

पण नियम जसाच्या तसा उचलू नये. “दार उघड,” ती कुजबुजली. “दार उघड,” ती किंचाळली. शब्द तेच, गोष्टी दोन. आवाजाची पट्टी संवादाच्या शब्दांत उमटत नसेल तेव्हा अशा क्रियापदाला पर्याय नाही. उलट “चालता हो इथून!” यापुढे ‘तो संतापून ओरडला’ लिहिलं तर एकच गोष्ट तीनदा सांगितल्यासारखी होते: शब्दांनी, उद्गारचिन्हाने आणि क्रियापदाने.

नुसत्या संवादांची तऱ्हा मराठीत जास्त चालते, कारण आपलं वाक्य बोलणाऱ्याची ओळख स्वतःच देत असतं. ‘मी निघतो’ आणि ‘मी निघते’ यांतून पुरुष की बाई ते कळतं. अरे, अगं, अहो, तू, तुम्ही यांतून समोर कोण आहे आणि नातं काय ते कळतं. नवरा-बायको, आजी-नातू, साहेब आणि कारकून अशा जोड्यांत पानभर ‘म्हणाला’ न लिहिताही वाचक चुकत नाही. मात्र या सोयीला मर्यादा आहेत. ‘मी जाईन’, ‘मी सांगितलं’, ‘मला माहीत नाही’ यांत लिंग दिसत नाही. काही बोलींत बायकाही ‘मी येतो’ म्हणतात. दोन मैत्रिणी बोलत असतील तर ‘अगं’ दोघींच्याही तोंडी असतं आणि ‘ती म्हणाली’चाही उपयोग नसतो, तिथे नावच हवं. तिसरं माणूस खोलीत आलं की चौथी तऱ्हा बहुतेक वेळा कोसळते.

कृती लिहायची तर ती त्या माणसाची हवी. मान हलवणं, सुस्कारा टाकणं, खिडकीबाहेर बघणं ही कुणालाही लावता येतात, म्हणून कुणाचीच नसतात. मराठीत कृती आणि ‘म्हणाला’ एकत्र बांधायची सुंदर सोय आहे, तिचा अर्थ मात्र नीट पाहून घ्यावा. ‘दार लावून ती म्हणाली’ यात दार आधी बंद झालं, म्हणजे पुढचं वाक्य बाहेरच्यांनी ऐकायचं नाही. ‘दार लावत ती म्हणाली’ यात तिला तशी काळजी नाही, ती कामात असताना सहज बोलतेय. ‘हसून म्हणाला’ आणि ‘दचकून म्हणाली’ ही जोडी इतकी झिजली आहे की ती दिसली की मी आधी ‘हसून’ खोडून बघतो. बहुतेक वेळा काहीच हरवत नाही. आणि “ये ना,” ती हसली, असं स्वल्पविरामाने जोडू नये; हसण्यातून शब्द बाहेर पडत नाहीत. पूर्णविराम द्यावा, किंवा ‘हसत म्हणाली’ लिहावं.

टॅग कुठे ठेवायचा, हा निर्णय कोणता टॅग घ्यायचा याच्याइतकाच मोठा आहे आणि त्याकडे फार कमी लक्ष जातं.

“मी येईन, पण तू थांबू नकोस,” तो म्हणाला.
“मी येईन,” तो म्हणाला, “पण तू थांबू नकोस.”

पहिल्यात निरोप आहे. दुसऱ्यात तो मध्ये थांबला, आणि त्या थांबण्यात तिला क्षणभर आशा वाटली. ‘तो जरा वेळ गप्प राहिला’ असं लिहिण्यापेक्षा हा मधला ‘म्हणाला’ कितीतरी बरा.

लांब भाषण असेल तर नाव आधी द्यावं: मोहन म्हणाला, आणि मग अवतरण. दहा ओळी वाचून झाल्यावर बोलणारा कळला तर वाचकाला मनातला आवाज बदलून पुन्हा मागे जावं लागतं. कथा ऑडिओसाठी असेल तर हे आणखी कडक पाळावं. ऐकणाऱ्याला परिच्छेद दिसत नाही, अवतरणचिन्ह दिसत नाही. कागदावर छान वाहणारी टॅगविना सहा वाक्यं एकाच आवाजात ऐकताना तिसऱ्या वाक्याला गोंधळ होतो, आणि कागदावर न जाणवणारा ‘म्हणाला’ सलग चारदा आला की कानाला टोचतो. अशा वेळी मी दर तिसऱ्या-चौथ्या वाक्यात समोरच्याचं नाव किंवा ‘दादा’, ‘अगं’ असं संबोधन संवादातच घालतो आणि निवेदनातले दोन ‘म्हणाला’ काढून टाकतो.