नऱ्ह्याचं टायरचं दुकान: ट्रेलर ओढणाऱ्यांनी नंबर जपून ठेवावा असं

कात्रजच्या नव्या बोगद्यातून पुण्याकडे उतरलं की नवले पुलाच्या अलीकडे, नऱ्ह्याच्या बाजूला सर्व्हिस रोडवर टायरच्या दुकानांची रांग आहे. त्यातलं हे एक. दारात ट्रकच्या टायरांची चळत, शेजारी कंप्रेसर आणि एक बाकडं. आत मालक आणि त्यांचा भाचा, दोघंच. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी त्यांनी आमच्यासाठी जे केलं ते लिहून ठेवायलाच हवं, म्हणून हा खटाटोप.

आम्ही तिघं होतो: मी, आमचे हे आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे माझे सासरे. स्कॉर्पिओच्या मागे भाड्याने घेतलेला कॅरव्हॅन ट्रेलर. दोन चाकांचा, आत दोन पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी. अण्णांना कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम पुन्हा एकदा बघायचा होता, आणि हॉटेलच्या जिन्यांची त्यांना आता भीती वाटते. कऱ्हाड, मग कोल्हापूर, असे चार दिवस फार छान गेले. गाडी बहुतेक मीच चालवली, ऐंशीच्या पुढे एकदाही नेली नाही.

परतताना खेड शिवापूरचा टोलनाका ओलांडून वेळूच्या जवळ आलो आणि मागून फट् फट् फट् असा आवाज सुरू झाला. स्टिअरिंगला काहीच जाणवलं नव्हतं. ट्रेलरचं हेच वाईट, चाक मागे मरत असतं आणि पुढे पत्ता नसतो. आरशात काळा पट्टा उडताना दिसला तेव्हा ब्रेक न दाबता हळूहळू वेग कमी करत कडेला घेतली. डाव्या टायरच्या नक्षीचा थर सालपटासारखा सुटून आला होता. त्याच्या फटक्यांनी मडगार्ड फाटलं होतं आणि मागच्या दिव्याची वायर तुटली होती. अण्णांना आधी लोखंडी कठड्यापलीकडे नेऊन बसवलं, यांनी लांब मागे जाऊन लाल त्रिकोण ठेवला.

स्टेपनी काढली, तर ती साध्या कारची. बसली, पण उजव्या चाकापेक्षा ती इतकी बुटकी की ट्रेलर एका अंगाला कलला. ओट्यावर राहिलेलं पातेलं घरंगळत खाली आलं. पुढे उतार आणि नवले पूल. तिथले अपघात पुण्यात कोणाला सांगायला नकोत. तसं जायचं माझं धाडस होईना. जवळच्या ढाब्यावर जेवायला थांबलेल्या एका ट्रक ड्रायव्हरने हा नंबर दिला. "ताई, हा माणूस घाई करणार नाही, पण काम चोख करेल," म्हणाला.

मालक पाऊण तासात छोटा हत्ती घेऊन आले. पहिली गोष्ट केली ती म्हणजे फुटलेल्या टायरकडे न जाता उजव्या, चांगल्या दिसणाऱ्या चाकापाशी उकिडवे बसले आणि हबला हाताची मागची बाजू लावून पाहिली. बेअरिंग गरम नव्हतं. मग टायरच्या बाजूवरची धूळ अंगठ्याने पुसली आणि खडूने एका लांबट चौकटीला गोल केला. आत चार आकडे होते: 2317. "2017 सालचा तेविसावा आठवडा. आठ वर्षं झाली याला. नक्षी नवी दिसते कारण ट्रेलर उभाच असतो. उन्हात उभ्या उभ्या रबर सुकतं." रिमलगत केसाएवढ्या बारीक भेगांचं जाळं होतं. चार दिवस मी रोज सकाळी त्या टायरकडे पाहत होते, गोटा झालेला नाही एवढं बघून निर्धास्त होत होते.

पुढचा प्रश्न हवेचा. ट्रेलरवाल्यांनी 35 पीएसआय सांगितली होती आणि मी उंब्रजला तेवढीच भरून घेतली होती. मालकांनी टायरवरचा मजकूर वाचायला लावला: पूर्ण वजनाला 65. हे 185 आर 14 सी, म्हणजे मालवाहू गाडीचे टायर. कमी हवेत टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते, आत उष्णता साठते, आणि एप्रिलच्या डांबरावर जुन्या टायरचे थर सुटायला ते पुरतं. ज्यांच्याकडून ट्रेलर घेतला त्यांचं नाव इथे लिहीत नाही. टायरचे पैसे त्यांनी भाड्यातून वळते केले. पण घरची माणसं गाडीत बसवून ट्रेलर ओढणाऱ्याला हवेचा आकडा चुकीचा सांगणं मला अजून सहन होत नाही.

हत्तीवर एक बरोबर मापाचं चाक आणलं होतं. ते लावून दिलं, वायर जोडून टेप गुंडाळला, आणि आमच्या मागे दिवे लुकलुकवत दुकानापर्यंत आले.

दुकानात मी म्हटलं, एकच टायर बदला. त्यांनी फरशीवर खडूने हिशेब मांडला. ट्रेलरच्या पाटीवर एकूण वजन 1400 किलो. कारच्या स्टेपनीवर भार पेलण्याचा सांकेतिक आकडा 86 लिहिलेला, म्हणजे एका चाकाला 530 किलो. दोन चाकांचे 1060. सी टायरवर 102, म्हणजे 850, दोघांचे 1700. हुकावर थोडा भार जातो तो सोडला तरी कारचा टायर इथे पुरा पडत नाही. बँकेत तीस वर्षं आकडेमोड केली मी. इतका स्वच्छ हिशेब समोर असताना वाद कसला घालणार? दोन्ही टायर नवे घेतले. त्यांच्याकडे आणखी महागातला ब्रँड होता, पण "तुम्हाला गरज नाही" म्हणून त्यांनी तो दाखवलाही नाही. दोन टायरचे 10,400, जागेवर येण्याचे 600, पक्कं बिल. रबरी वॉल्व्ह काढून धातूचे बसवले, कारण साधे रबरी वॉल्व्ह एवढ्या हवेला काठावरच असतात.

नट आवळताना मी मुद्दाम जवळ उभी राहिले. भाच्याने आधी हाताने, मग समोरासमोरचे नट आलटून पालटून, आणि शेवटी टॉर्कच्या, म्हणजे ठरवलेला जोर आला की टक् वाजणाऱ्या, पान्ह्याने तो आवाज येईपर्यंत. पान्ह्यावर उड्या मारणं नाही. मालकांनी बजावलं की पन्नास-ऐंशी किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे. दुसऱ्या दिवशी ट्रेलर परत द्यायला तळेगावला नेला, तिथे पान्हा लावला तर एक नट चांगला पाव फेरा फिरला.

त्यांच्याच सांगण्यावरून निघताना वजनकाट्यावर गेलो. 1310 किलो भरलं. टाकीत शंभर लिटर पाणी होतं, म्हणजे शंभर किलो नुसतं पाणीच. ते कोल्हापूरहून पुण्याला ओढत आणायचं काही कारण नव्हतं.

उणं एवढंच की ट्रेलर वळवायला जागा नाही, रिव्हर्स घेताना भाच्याला रस्त्यात उभं राहावं लागलं. बायकांसाठी स्वच्छतागृह नाही, त्यासाठी पुढच्या पेट्रोल पंपावर जावं लागतं. आणि वेळ लागतो; आमचे तीन तास गेले. अण्णांना बाकड्यावर उशी आणि दोनदा चहा मिळाला, तक्रार त्यांनी केली नाही.

14 इंची सी टायर नेहमी शिल्लक नसतात, तेव्हा टायरच्या बाजूवरचं सगळं लिखाण फोनवर वाचून दाखवा आणि मगच निघा. सकाळी दहाच्या आत गेलात तर समोरचा रस्ता मोकळा मिळतो.