न्योस सरोवराचा बांध किती जुना? कार्बन, आर्गॉन आणि युरेनियम

कॅमेरूनमधल्या न्योस सरोवरातून २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री कार्बन डायऑक्साइड उसळला आणि सुमारे १,७०० माणसं गुदमरून गेली. वायू काढून टाकायला २००१ मध्ये तिथं नळी बसवली. पण दुसरा धोका उत्तर काठावर उभा होता. ज्वालामुखीच्या स्फोटात उडालेली राख आणि खडकांचे तुकडे साचून तिथं सुमारे ४० मीटर उंच नैसर्गिक बांध झालाय. तो फुटला तर पूर नायजेरियापर्यंत जाईल, शिवाय पाण्याचा दाब अचानक उतरल्यानं उरलेला वायूही सुटू शकेल, अशी भीती होती; २०१० च्या दशकात बांध मजबूत करण्यात आला.

त्याआधी सांडव्याच्या पाण्यानं हा बांध कुरतडत ५०० मीटरहून अधिक रुंदीवरून ४५ मीटरवर आणला होता. ही झीज ४०० वर्षांतली असेल तर वेग वर्षाला मीटरभर पडतो आणि बांध चाळीसेक वर्षांचाच सोबती ठरतो. आठ हजार वर्षांतली असेल तर त्याच हिशेबानं अजून सुमारे ८०० वर्षं मिळतात. गावं हलवायची की नाही, हे अशा आकड्यावर अडत होतं. म्हणून वय मोजायची पद्धत निवडताना घाई नको.

कार्बन-१४ स्वस्त आणि ओळखीची. अर्धायुष्य, म्हणजे निम्मा कार्बन-१४ उरायला लागणारा काळ, ५,७३० वर्षं, त्यामुळे तरुण स्फोटांना छान लागू पडते. न्योसला तिनंच ४०० वर्षांचा आकडा दिला. मात्र ती खडकाचं वय मोजत नाही, त्यातल्या लाकडाचं किंवा कोळशाचं मोजते. ज्वालामुखीच्या वायूवर वाढलेली झाडं खऱ्यापेक्षा जुनी दिसतात. नंतर शिरलेली मुळं उलट वय कमी दाखवतात. न्योसचं वय इतकं कमी आलं ते पाहता मला शंका या मुळांचीच येते.

पोटॅशियम-आर्गॉन थेट बेसाल्ट मोजते. इथं तिनं एक लाख वर्षांहून जास्त वय दिलं. खडकातल्या पोटॅशियम-४० चा काही भाग हळूहळू आर्गॉन होतो, आणि त्याचं अर्धायुष्य १२५ कोटी वर्षं, म्हणजे तरुण खडकात नवा आर्गॉन नाममात्र. त्यात खोलवरचा जुना आर्गॉन अडकलेला असेल किंवा पुरातन ग्रॅनाइटचा कण मिसळला असेल, तर वय भलतंच फुगतं. आपल्या लोणारलाही वयाचा असाच तिढा आहे: विवर उल्कापाताचं, पण एका पद्धतीनं सुमारे ५२ हजार वर्षं, आर्गॉननं सुमारे ५.७ लाख.

युरेनियम मालिका महाग आणि वेळखाऊ, तरी माझं मत तिलाच. यात युरेनियम ढळून थोरियम आणि त्यातून रेडियम होतं, आणि साधारण पाच अर्धायुष्यांनंतर जितकं बनतं तितकंच ढळतं, म्हणजे समतोल येतो. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य १,६०० वर्षं, थोरियम-२३० चं सुमारे ७५ हजार. न्योसच्या बेसाल्टमध्ये रेडियम थोरियमशी समतोलात आलेलं आढळलं, म्हणजे खडक किमान ८,००० वर्षं जुना. थोरियम आणि युरेनियमचा समतोल मात्र अजून झालेला नाही, म्हणजे साडेतीन लाखांच्या आतला. पट्टा रुंद आहे खरा, पण ४०० वर्षांचा आकडा त्यात बसत नाही, आणि निर्णयासाठी तेवढंच कळायला हवं होतं.

पैसे एकाच चाचणीपुरते असतील तर युरेनियम मालिका घ्या. दोन जमत असतील तर सोबत आर्गॉन, पण ग्रॅनाइटचे कण सूक्ष्मदर्शकाखाली एकेक वेचून काढल्यावरच. आणि वय कितीही निघो, त्यातून कळतो तो झिजेचा सरासरी वेग. बांधातला पाझर, भेगा आणि भूकंपाचा हादरा त्या आकड्यात येत नाही. त्यासाठी बांध वेगळा तपासावाच लागतो.